हिडकल जलाशयासाठी ॲल्युमिनियमची वेल्डेड होडी : प्री-कट किटचा आराखडा निवडताना काय पाहावे?

हुक्केरीकर

सर्वांना नमस्कार. आमचे मामा बेळगाव जिल्ह्यातील हिडकल धरणाच्या फुगवट्यात परवाना घेऊन मासेमारी करतात. संध्याकाळी तंगूसाची (नायलॉनच्या एकेरी धाग्याची) जाळी टाकायची आणि पहाटे उचलायची, असा त्यांचा नेम आहे. सध्याच्या फायबरच्या होडीचा तळ दगडांना घासून ठिकठिकाणी उघडा पडला असून दर उन्हाळ्यात त्याला नवे ठिगळ लावावे लागते. संकेश्वरजवळ माझे लहानसे फॅब्रिकेशनचे शेड आहे. तेथे आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट आणि पाण्याच्या टाक्या करतो. त्यामुळे लोखंडाच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने करायच्या) वेल्डिंगचा हात आहे, मात्र ॲल्युमिनियमचे काम फारसे केलेले नाही. मामांसाठी साधारण १४ फुटांची, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपासची, वेल्ड केलेली ॲल्युमिनियमची होडी स्वतः बांधावी असा विचार आहे. दोन माणसे, जाळी, दीड-दोनशे किलो मासळी आणि पुढेमागे परवानगी मिळाल्यास एक लहान इंजिन, एवढा भार तिने घ्यावा.

आराखडा शून्यापासून काढण्याची माझी कुवत नाही, म्हणून परदेशात मिळणाऱ्या प्री-कट किटकडे, म्हणजे आधीच कापून दिलेल्या भागांच्या संचाकडे, वळलो आहे. तीन पर्याय निवडून ठेवले आहेत. पहिला अमेरिकन आहे. त्याचा तळ उथळ 'व्ही' आकाराचा असून सर्व भाग कापून, क्रमांक टाकून पेटीतून पाठवतात. दुसरा ऑस्ट्रेलियन असून त्यात तयार भाग किंवा केवळ कटिंगच्या फाइल, दोन्ही घेता येते. तिसरा सपाट तळाचा आहे, अगदी साधा आणि स्वस्त, पण त्याची रेखाचित्रे मोजकीच आहेत. चित्रात पहिलाच सर्वांत देखणा दिसतो. या तिघांत निवड कशाच्या आधारे करावी आणि पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारावेत, याचे मार्गदर्शन हवे आहे. बेळगावात इंडालचा कारखाना असल्यामुळे पत्रा येथेच सवलतीत मिळेल, असे शेजारचे म्हणतात, तेही कितपत खरे आहे?

उद्यमबागचा जॉबवर्कवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. इंडालचा, म्हणजे आताच्या हिंदाल्कोचा, बेळगावातील कारखाना बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतो. ॲल्युमिना म्हणजे पांढरी पूड. पत्रा लाटण्याचे काम तेथे होत नाही, त्यामुळे कारखाना गावात असल्याचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही. पत्रा मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांकडूनच येईल, आणि माझ्या मते तुमच्या निवडीचा खरा निकष याच ठिकाणी आहे. आराखडा चित्रात कसा दिसतो यापेक्षा तो ज्या पत्र्यावर बेतलेला आहे तो पत्रा आपल्याला मिळतो का, हे प्रथम पाहा.

अमेरिकन किट इंचाच्या जाडीवर काढलेले असते. तळाला ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर आणि बाजूंना १/८ इंच म्हणजे ३.१८ मिलिमीटर, अशी त्यांची नेहमीची मापे आहेत. आपल्याकडे ३, ४, ५, ६ मिलिमीटर चालतात. प्री-कट किटमध्ये आतल्या बरगड्या आणि लांबीच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचांत बसतात, आणि ती खाच पत्र्याच्या जाडीइतकीच रुंद कापलेली असते. ४.७६ साठी कापलेल्या खाचेत आपला ५ चा पत्रा शिरणारच नाही. ४ चा घातला तर पाऊण मिलिमीटर ढिला राहील आणि अशी ढिलाई आठ-दहा खाचांत साठली की सांगाडा आपसूक काटकोनात उभा राहण्याचा किटचा मुख्य फायदाच निघून जाईल. शिवाय पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ४.७६ ऐवजी ४ घेतल्यास जाडी सोळा टक्क्यांनी घटली तरी ताठपणा सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो, आणि मूळ आराखड्यातील बरगड्यांमधले अंतर मग पुरेसे उरत नाही. पेटीतून कापलेले भागच मागवले तर खाचांचा प्रश्न येत नाही हे मान्य. परंतु जहाजाचे भाडे, सीमाशुल्क आणि बंदरावरून माल सोडवून आणण्याची यातायात यांचा हिशेब करा. पत्र्याचे वजन कमी असले तरी पेटी मोठी असते. त्यातच वाहतुकीत एखादा भाग वाकला तर बदली भाग येईपर्यंत काम ठप्प होते.

म्हणून माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, तोही केवळ फाइल घेण्याकडे. ऑस्ट्रेलियात सगळे मेट्रिक आहे. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात फायबर लेझरवर ॲल्युमिनियम कापून देणारी दुकाने आहेत. ४ मिलिमीटरचा पत्रा त्यावर नायट्रोजनने स्वच्छ कापला जातो. प्लाझ्मावर कापल्यास कडेचा काळपट, सच्छिद्र थर वेल्डिंगपूर्वी काढून टाकावाच लागतो, आणि तेवढी मजुरी लेझरच्या दरातील फरक खाऊन टाकते.

विक्रेत्याला विचारायच्या गोष्टींत सर्वांत आधी नेस्टिंगचे चित्र मागा. कोणत्या मापाच्या पत्र्यावर कोणते भाग कसे मांडले आहेत ते त्यात दिसते. आपल्याकडे सहज मिळणारा पत्रा १२२० × २४४० किंवा १५०० × ३००० मिलिमीटरचा असतो. सव्वाचार मीटरच्या होडीचा तळ एका पत्र्यातून निघायचा तर त्याहून लांब पत्रा लागतो. विक्रेत्याने मांडणी सहा मीटर लांबीच्या पत्र्यावर केली असेल तर तळ आणि बाजू जोडून घ्याव्या लागतील. तो सांधा कोठे द्यायचा हे त्याने ठरवून दिले पाहिजे. आपण अंदाजाने देऊ नये. दुसरे म्हणजे फाइलमध्ये कापण्याच्या रेषा आणि नुसत्या खुणा करण्याच्या रेषा वेगवेगळ्या स्तरांवर आहेत का, हे विचारा. बरगडी कोठे बसणार याची खूण मशीनने कोरून दिली तर उभारणीतला निम्मा वेळ वाचतो, पण तीच रेषा चुकून कापण्याच्या स्तरावर राहिली तर पत्रा वाया जातो. कटिंगची रुंदी, म्हणजे कापताना जाणारी फट, फाइलमध्ये आधीच धरली आहे की मशीनवाल्याने धरायची, हेही स्पष्ट करून घ्या. दोघांनीही धरली तर खाचा बिघडतात.

तिसरे, नुसत्या सांगाड्याचे अपेक्षित वजन विचारा. ४ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला १०.६ किलो आणि ३ चा ८ किलो भरतो. तळ साधारण सव्वासहा चौरस मीटर, दोन्ही बाजू मिळून साडेचार-पावणेपाच, आणि त्यावर बरगड्या, बैठका, मागची फळी असे धरले तर तुमच्या मापाची होडी दीडशे किलोच्या आसपास यायला हवी. कोणी ऐंशी किलो सांगत असेल तर त्याचा पत्रा पातळ आहे किंवा त्याने गणितच केलेले नाही, असे समजा.

पत्र्याची जात ५०८३ किंवा ५०८६ असावी आणि टेम्पर (कडकपणाचा दर्जा) एच-११६ किंवा एच-३२१ असावा. गोड्या पाण्यासाठी ५०५२ सुद्धा चालतो आणि तो वाकवायला सोपा जातो. भारतीय जुन्या क्रमांकात ५०८३ म्हणजे ५४३०० आणि ५०५२ म्हणजे ५२०००. दुकानदार दोन्ही बोली बोलतात. पत्र्यासोबत मिलचे टेस्ट सर्टिफिकेट घ्याच, कारण भांड्यांचा आणि छताचा शुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा दिसायला तसाच चकचकीत असतो आणि होडीच्या तळाला तो कुचकामी आहे.

यडूरकाठचा

वरील उत्तर पत्र्याच्या बाजूने योग्यच आहे, पण होडी शेवटी जाळे टाकणाऱ्यासाठी आहे. म्हणून मामांना विचारल्याशिवाय तळाचा आकार ठरवू नये. आमच्याकडे कल्लोळ-यडूरच्या संगमाजवळ कृष्णेचे पात्र संथ आणि गाळाचे आहे, पंचगंगेतून वाहत आलेले केंदाळ अंगावर येते, म्हणून आम्हाला सपाट तळच बरा पडतो. पूर्वी पूर आला की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसे पलीकडे जात. तीही सपाट तळाचीच! हिडकलचे पाणी वेगळे आहे. तेथे पश्चिमेचा वारा मोकळ्या फुगवट्यावर लाट उठवतो, आणि सपाट तळाची होडी त्या लाटेवर आपटत जाते. उन्हाळ्यात पाणी उतरून हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडायला लागले म्हणजे फुगवट्यातील खडक आणि जुनी खोडेही वर आलेली असतात. अशा ठिकाणी खोल 'व्ही' चा कणा प्रथम अडकतो. तेव्हा मागच्या बाजूला दहा-बारा अंशांचा उथळ 'व्ही' आणि पुढे तो वाढत गेलेला, असा आकार मला मधला मार्ग वाटतो.

एका बाजूने वाकून ओले जाळे ओढताना दोन्ही माणसे त्याच काठाकडे सरकतात. त्या वेळी होडी किती कलते, हेच खरे पाहायचे. यासाठी पाण्यालगत तळाची रुंदी महत्त्वाची आहे. वरच्या काठाची रुंदी जाहिरातीत छापतात, ती नव्हे. तळ सव्वा मीटरहून अरुंद असेल तर तो आराखडा मी घेणार नाही. काठाची उंचीही पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरच्या वर गेली की कंबर धरते.

आणखी एक गोष्ट चित्रांत कधीच दिसत नाही. तंगूसाचे जाळे धातूच्या प्रत्येक बारीक टोकाला अडकते. बोल्टचे डोके, पट्टीचा कापलेला कोपरा, वेल्डिंगचे उडालेले मणी, काहीही पुरते. जाळे ज्या बाजूने ओढायचे त्या बाजूचा काठ गोल पाइपचा असावा आणि आतली बाजू हात फिरवला तरी ओरखडा उठणार नाही इतकी साफ असावी. परदेशी किट बहुधा गळाने हौशी मासेमारी करणाऱ्यांसाठी असतात. त्यांत दांड्या अडकवण्याचे खोबणे, कप ठेवायच्या जागा, उंच खुर्चीचा चौथरा असे बरेच काही असते. ते सगळे फाइलमधून वगळता येईल का, हे विचारा. मधली जागा मोकळी हवी.

घटप्रभा

थोडा विरोधी सूर लावतो. मामांची अडचण तळ घासण्याची आहे. त्यासाठी फायबरच्या नव्या होडीला तळाशी जाड थर आणि दोन घासपट्ट्या लावून घेतल्या तर काम निम्म्या खर्चात होणार नाही का? फायबर फाटले तर मॅट आणि रेझिन आणून कोणीही काठावर बसून जोडतो. ॲल्युमिनियमला चीर गेली तर आर्गॉनचे सिलिंडर, स्वच्छ कोरडी जागा आणि जाणता वेल्डर लागतो. शिवाय २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठरवले आहे. स्वतः बांधलेल्या होडीला त्याचा लाभ मिळेल असे गृहीत धरू नका. आधी तालुक्याच्या मत्स्य विभागाच्या कार्यालयात जाऊन नीट चौकशी करा, मग पत्र्याचे पैसे भरा.

इंजिनाचेही तसेच. यंत्रावर चालणाऱ्या नौकांची तपासणी आणि नोंदणी हा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याचा गाभा आहे, आणि जलाशयाची मालकी पाटबंधारे खात्याकडे असते. दोन्हीकडून लेखी उत्तर येईपर्यंत वल्ह्यावर चालणारी होडी म्हणूनच विचार करावा.

हुक्केरीकर

सर्वांचे आभार. फायबरचा मुद्दा मामांपुढे ठेवला. त्यांचे म्हणणे असे की दगडावर ॲल्युमिनियमला पोचा पडेल, पण फायबरला पडते तशी भेग पडणार नाही. पोचा घेऊन होडी घरी येते, आणि ठिगळांचा त्यांना आता कंटाळा आला आहे. योजनेची चौकशी मात्र करणार आहोत.

दुसऱ्या पर्यायाच्या विक्रेत्याला पत्र लिहिले होते. त्याचे उत्तर आले आहे. तळ ४ आणि बाजू ३ मिलिमीटर, वजन १५८ किलो, मागे बारा अंशांचा 'व्ही', तळाची रुंदी १३४० मिलिमीटर. मांडणी मात्र सहा मीटरच्या पत्र्यावरच केलेली आहे. तीन मीटरच्या पत्र्यासाठी तो सांध्यासह नवी मांडणी करून द्यायला तयार आहे, परंतु सांधा सरळ हवा की दातेरी, असे त्याने विचारले आहे. दातेरी म्हणजे लहान मुलांच्या चित्रखंडांच्या खेळासारखे एकमेकांत अडकणारे टोक. यातले काय घ्यावे?

याशिवाय वेल्डिंगबाबत विचारायचे होते. माझे सीओटू मशीन ॲल्युमिनियमला चालेल का? गावातला एक कारागीर ॲल्युमिनियमच्या इंजिन-केसिंग जोडतो. तो म्हणतो त्याच्याकडची तार वापरली तरी चालेल. आणि व्यापाऱ्याने तळासाठी ५०८३ ऐवजी 'एचई थर्टी' चा पत्रा सुचवला आहे. तो जास्त कडक आहे, असे त्याचे सांगणे.

खानापूरचा वेल्डर (सध्या गोव्यात)

क्रमाने सांगण्यापेक्षा जे नाकारायचे ते आधी सांगतो. एचई थर्टी म्हणजे ६०८२. त्याचा कडकपणा उष्णता देऊन आणलेला असतो, आणि वेल्डची उष्णता तोच काढून घेते. सांध्यालगतच्या पट्ट्यात त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. काठाचा पाइप, कोपऱ्याचे अँगल यांसाठी ६०६१, ६०६३ किंवा ६०८२ चालते, कारण असे आकार त्याच जातीत काढलेले मिळतात. परंतु तळाचा पत्रा ५००० मालिकेतीलच हवा. ही मालिका ताकद मॅग्नेशियममधून आणि लाटण्यातून मिळवते, म्हणून वेल्डजवळ तिचे नुकसान पुष्कळ कमी होते.

केसिंग जोडणाऱ्याकडची तार बहुधा ४०४३ असते. ती सिलिकॉनची तार आहे. ओतीव कामाला ती उत्तम चालते, पण ५०८३ मधील मॅग्नेशियमशी तिचा सिलिकॉन मिसळला की सांधा ठिसूळ होतो. वेल्ड दिसायला सुरेख आणि ओघळ गुळगुळीत येतो, त्यामुळे फसायला होते. तुम्हाला ५३५६ किंवा ५१८३ लागेल. ३-४ मिलिमीटरच्या पत्र्याला १ मिलिमीटरची तार पुरते. उघडे रीळ पावसाळ्यात शेडमध्ये तसेच ठेवू नका. खानापूर-बेळगावच्या दमट हवेत तारेवर ओलावा बसतो, आणि मग वेल्डमध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडत राहतात. मशीन कितीही जुळवले तरी ती थांबत नाहीत. काम संपले की रीळ काढून बंद पिशवीत ठेवावे.

सीओटू मशीन वापरता येईल, पण सीओटू वायू नाही. शुद्ध आर्गॉनच लागतो. तार मऊ असल्यामुळे दाबाखाली चपटी होऊन गुंता होतो, म्हणून रोलर 'यू' आकाराच्या खाचेचे बसवा, केबलच्या आतली स्प्रिंगची नळी काढून टेफ्लॉनची घाला आणि केबल शक्य तितकी आखूड व सरळ ठेवा. स्पूल गन (तारेचे लहान रीळ हातातल्या टॉर्चवरच बसवलेली) मिळाली तर ही सगळी कटकट वाचते. पल्स मशीन (प्रवाह ठोक्याठोक्याने कमी-जास्त करणारे) भाड्याने मिळाले तर ३ मिलिमीटरच्या बाजूंसाठी ते अवश्य घ्या, कारण पातळ पत्र्याला नेमके तेथेच भोक पडते. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) विजेचा दाब तुमच्याकडे संध्याकाळी खाली-वर होत असेल तर कामाची वेळ सकाळची धरा. लोखंडात हा फरक खपून जातो, येथे खपत नाही.

लोखंडाच्या सवयीचा हात बदलायला थोडा वेळ जातो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर. म्हणजे खालचे पाणी झाले तरी वरची साय तशीच राहते. म्हणून आधी ॲसिटोनने तेल पुसायचे आणि नंतर स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासायचे, याच क्रमाने. उलट केले तर तेल पत्र्यात घासले जाते. तो ब्रश लोखंडाला लागलेला नसावा. ट्रॉल्यांच्या शेडमध्ये ग्राइंडिंगची लोखंडी धूळ सर्वत्र असते, तेव्हा होडीचा कोपरा ताडपत्रीने वेगळा करा. वेल्डिंगचा टॉर्च ओढत न नेता पुढे ढकलत न्यायचा. पत्रा थंड असताना सुरुवातीला वितळत नाही आणि तापल्यावर एकदम ढासळतो, म्हणून हात उत्तरोत्तर वेगाने चालवावा लागतो. कापून उरलेल्या तुकड्यांवर सराव करा आणि प्रत्येक सराव-सांधा शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवून पाहा. फुटलेल्या कडेला काळी छिद्रे दिसली तर अजून होडीला हात लावायची वेळ आलेली नाही.

आराखडा निवडण्याशी याचा संबंध असा की चांगल्या किटसोबत वेल्डिंगचा क्रम लिहून येतो. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट पसरते आणि थंड होताना तितकेच ओढते. सगळी होडी आधी टाक्यांवर (लहान, सुट्या वेल्डच्या ठिपक्यांवर) उभी करून, मग मधून दोन्ही टोकांकडे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, असे थोडे थोडे वेल्ड करत जावे लागते. कोणती बरगडी तळाला सलग वेल्ड करायची, कोणती तुटक आणि कोणती मुळीच नाही, हे चित्रात लिहिलेले हवे. तुमच्या तिसऱ्या पर्यायात, मोजकी रेखाचित्रे आहेत असे तुम्ही म्हणता, त्यात हे असण्याची शक्यता कमी वाटते. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने स्वस्त आराखड्यात नेमके हेच वाचवू नये.

बैठकांखालच्या तरंगत्या कप्प्यांकडेही पाहा. दीडशे किलो ॲल्युमिनियम स्वतः जेमतेम ५६ लिटर पाणी सारते, म्हणजे होडी भरली तर ती बुडणारच. तिला, इंजिनाला आणि धरून राहणाऱ्या माणसांना तोलायला तीनेकशे लिटरचे बंद कप्पे किंवा फोम हवा. थर्माकोल भरू नका. पेट्रोल सांडले की ते विरघळते. पॉलिथिलीनचा बंद छिद्रांचा फोम बरा, आणि तोही तळाला चिकटून ओला राहणार नाही असा, खाली पाणी निघायला वाट ठेवून बसवावा. आराखड्यात मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड दाखवले असेल तर ते वगळायला सांगा. ओले लाकूड, त्यातही तांब्याच्या औषधात बुडवलेले, ॲल्युमिनियमला आतून खाते.

गळती तपासायला टाकीवाले करतात तसे रॉकेल आणि खडू वापरा. बाहेरून सांध्यावर खडूची पूड, आतून रॉकेलचा हात. छिद्र असेल तेथे पुडीवर डाग उमटतो. पुडीऐवजी ओला चुना मात्र लावायचा नाही. लोखंडाच्या टाकीला चालतो, ॲल्युमिनियमला तो खातो.

उद्यमबागचा जॉबवर्कवाला

सांध्याचे सांगतो. दातेरी सांधा जुळवायला सोपा, कारण दोन पत्रे आपोआप एका रेषेत येतात आणि लांबीत चूक होत नाही. पण वेल्ड नागमोडी करावा लागतो, लांबी वाढते, आणि नवशिक्या हाताला प्रत्येक वळणावर थांबावे लागते. थांबले तेथे उष्णता साठते. तुमच्या बाबतीत सरळ सांधा घ्यावा आणि जुळणीसाठी दोन्ही पत्र्यांवर खुणेची भोके किंवा कोरलेल्या रेषा मागाव्यात, असे मी सुचवेन. तळाचा सांधा होडीच्या ऐन मध्यावर नको, आणि बाजूचा सांधा तळाच्या सांध्यासमोर नको. दोन्हींत निदान एका बरगडीचे अंतर ठेवायला सांगा. पत्रे सपाट जमिनीवर असतानाच जोडून घ्या. एका बाजूने वेल्ड, मग पालथे करून मुळापर्यंत दातेरी कटरने खोदून दुसऱ्या बाजूने वेल्ड. साध्या ग्राइंडिंग चाकाने खोदू नये. ते ॲल्युमिनियमने भरते आणि त्याचे कण सांध्यात राहतात.

सगळे पत्रे कापायला देण्यापूर्वी त्याच फाइलवरून दहापट लहान पुठ्ठ्याचा नमुना कापून घ्या. पुठ्ठा सुरकुती न पडता वळला आणि कडा जुळल्या तर पत्राही वळेल. पुढच्या टोकाला पुठ्ठा बळेच दाबावा लागत असेल तर तो पृष्ठभाग एकाच दिशेने वळणारा नाही, आणि ४ मिलिमीटरच्या पत्र्याला तेथे साखळी-जॅक लावून ओढत बसावे लागेल. लेझरवाला पुठ्ठाही कापून देतो. फाइल मिलिमीटरमध्येच उघडते आहे ना, हेही तेव्हाच कळते.

यडूरकाठचा

एक राहिले. मागच्या फळीची उंची इंजिनाच्या शाफ्टवर, म्हणजे पंख्यापर्यंत उतरणाऱ्या दांड्याच्या लांबीवर, ठरते. आखूड शाफ्टला साधारण ३८ सेंटिमीटर, लांब शाफ्टला ५१. परदेशी किट बहुधा लांब शाफ्टसाठी काढलेले असतात, आणि आपल्याकडे जुन्या बाजारात हाती येणारे लहान इंजिन आखूड शाफ्टचे निघाले तर पंखा पाण्याच्या वरच फिरेल. फळीला मागे बारा ते चौदा अंशांचा कल असावा, तो या आराखड्यात आहे का तेही विचारा. परवानगीचा निर्णय लागेपर्यंत इंजिन घेता येणार नाही हे खरे, म्हणून फळीचा वरचा भाग विक्रेत्याकडून दोन्ही उंचींत काढून घ्या आणि तेवढा एक तुकडा सर्वांत शेवटी कापायला ठेवा.